डावा हातमोजा

हिवाळ्यात सायकल चालवायला हातमोजे घ्यायचे असतील तर रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी मोजा घालून मूठ वळवायची. दोन बोटं ब्रेकपर्यंत पोचतात का आणि अंगठा घंटीवर नीट बसतो का, हे दुकानातच कळतं. मग मोजा तोंडाजवळ धरून जोरात फुंकर मारायची. फुंकर पलीकडच्या तळहाताला लागली, तर वाराही लागणार. माप एक नंबर मोठं घ्यायचं, कारण घट्ट मोज्यात बोटं लवकर गार पडतात. मनगटाची पट्टी स्वेटरच्या बाहीत जाईल एवढी लांब हवी. आणि अंगठ्याच्या पाठीवर मऊ कापड असावं, कारण थंडीत नाक वाहतं आणि रुमाल काढायला कोणी सायकल थांबवत नाही.

चंद्रपुरात आम्हा आठ-दहा बायकांचा सायकलींचा गट आहे. नोव्हेंबर लागला की कोणी ना कोणी मोज्यांबद्दल विचारतं आणि मी ही यादी मोबाईलवरून पाठवून देते. माझ्याकडे प्रवासाची, किराण्याची, लग्नातल्या आहेरांची, सगळ्याची यादी असते, त्यामुळे हीसुद्धा माझीच असणार असं सगळ्या धरून चालतात. ती माझी नाही. आरमोरीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी काही वर्षं प्रयोगशाळेत होते, तिथल्या एका आरोग्यसेवकाची ती आहे.

त्याचं काम गावोगाव फिरायचं. घरोघरी विचारायचं, कोणाला ताप आहे का. असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा. त्या काचा माझ्याकडे यायच्या आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत मलेरियाचे जंतू शोधायची. ताप विचारता विचारता तो लोकांच्या अंगावरचे चट्टेही बघायचा, कारण आमच्या भागात कुष्ठरोगाची पाहणीही त्याच माणसाकडे असते. धानाच्या मळणीच्या दिवसांत माणसं उजाडताच शेतावर जातात. म्हणून तो सहाला सायकलवर बसायचा. रस्ता नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाळीवरून, दोन्ही बाजूंना धानाच्या उघड्या बांध्या, त्यांवर धुकं. केंद्रात शिरला की सगळ्यांना मिळून एक जयभीम, आणि मग टेबलावर काचांची पेटी. वयानं तो माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा होता. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला बाई.

दिसायला चारचौघांसारखा होता. फक्त त्याच्या दोन हातांत कधीही एकसारखे मोजे नसायचे.

मी नवीन होते तेव्हा वाटलं, घाईत निघाला असेल. दुसऱ्या दिवशी डाव्या हातात तपकिरी लोकरीचा आणि उजव्यात चामड्याचा. तिसऱ्या दिवशी नेमकं उलट. चौथ्या दिवशी मी विचारलं. त्यानं मला फार सोप्या गोष्टी समजावताना वापरतात तो आवाज काढला. एक जोडी आज घातली आणि दुसरी उद्या, तर उद्याची थंडी आजच्यासारखी असेल कशावरून? तेच दोन मोजे एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर घातले की कोणता जिंकला ते नहराच्या पुलापर्यंत कळतं. दुसऱ्या दिवशी हात बदलायचे, म्हणजे कोणावर अन्याय नको.

मोज्यांना त्यानं नावं दिली होती. गावच्या मंडईत पाल टाकून बसलेल्या माणसाकडून घेतलेला तो मंडईवाला. वरोऱ्याच्या बाजारातून आणलेला तो वरोरा. वेल्डिंगच्या दुकानातला चामडी तो वेल्डर. बायकोनं विणलेल्या मोज्याचं नाव बायको. निकाल तो आल्याआल्या सांगायचा. "आज वेल्डरनं बायकोले हरवलं," असं तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा आणि औषधं देणारा आमचा फार्मसिस्ट रोज त्याच जागी हसायचा. हे नाव घरी कळलं तेव्हा बायकोनं पुढचा मोजा विणायला नकार दिला. भाऊंनी तीही नोंद केली. नोंदी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर असायच्या. तारीख, डावा कोण, उजवा कोण, जिंकला कोण.

प्रयोग वाढत गेले. मोज्याच्या आत वर्तमानपत्र, मोज्यावर प्लास्टिकची पिशवी. एका हिवाळ्यात जुन्या घोंगडीच्या दोन पिशव्या शिवून त्यानं सायकलच्या मुठींवर बसवल्या. हात गरम राहिले, पण समोर म्हैस आली तेव्हा हात वेळेवर बाहेर निघाला नाही. म्हैस उभी राहिली आणि भाऊ नहरात गेले. यादीत त्या दिवशीपासून ब्रेक पहिल्या जागी आला. त्याआधी तिथे नाक होतं.

ओले मोजे तो माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याजवळ वाळत घालायचा. मी पाटी लावली. ती तो रोज मोठ्यानं वाचायचा आणि मोजे माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. डॉक्टर त्याला जीपमध्ये चल म्हणायचे. तो जायचा नाही. जीप आली की माणसाच्या आधी धूळ घरात जाते आणि ताप असलेलं पोर मागच्या दारानं पळते, असं त्याचं म्हणणं. ते खरं असावं, कारण केंद्रात सगळ्यात जास्त काचा त्याच्याच यायच्या आणि त्या वाया जात नसत. थेंब गोल, पसरवलेली बाजू जिभेच्या आकाराची. इतरांच्या काचांवर मी लाल पेननं फुली मारायची, त्याच्या काचांवर क्वचितच.

स्वतःच्या थंडीचं त्याला काही वाटत नव्हतं, हे मला उशिरा समजलं. लहानपणी पाटाच्या पाण्यात उभं राहून धानाची रोवणी केलेला माणूस. मोजे हवे होते ते समोरच्यासाठी. सकाळी सात वाजता तापानं फणफणलेल्या पोराचा हात गार हातानं धरला तर ते हात ओढून घेतं, आणि तेवढ्यात थेंब पुसला जातो. "थंड्या हातानं कोनाले धरलं त तो आपल्यापासून दूर जाते," हे तो नव्या सेवकांना शिकवायचा. म्हणून मोजा दारात उभं राहून एका झटक्यात निघाला पाहिजे, हीसुद्धा त्याची एक अट होती. दिवसाला चाळीस घरं म्हणजे चाळीसदा काढायचा आणि चाळीसदा घालायचा.

त्याच्या गावांपैकी एका गावात एक विधवा बाई होती. तिचा उजवा हात दोन वर्षं पदराबाहेर आला नव्हता. शेजारणी म्हणायच्या चट्टा आहे, ती म्हणायची भाजलं आहे. भाऊंनी तिला कधी हात दाखव म्हटलं नाही. हिवाळाभर तो तिच्या ओसरीवर पाच मिनिटं बसायचा आणि मोज्यांचं पुराण सांगायचा. एका सकाळी त्यानं मोजा काढून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, बाई, घालून पाहा, गरम वाटते का सांगा. तिला गंमत वाटली असावी. पदराआडून हात निघाला आणि मोज्यात गेला. गरम वाटते म्हणाली. मोज्यात धानाची दोन कुसळं अडकली होती, वाटेतल्या खळ्यावरची. भाऊंना ती सकाळपासून टोचत होती. तिला टोचली नाहीत.

त्याच दिवशी तो तिला केंद्रात घेऊन आला. नाव वहीत लिहायचं म्हटल्यावर ती उठून चालू लागली. तो दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, लिहिल्यानं रोग वाढत नाही, लपवल्यानं वाढतो. तिनं नाव सांगितलं. वर्षभराच्या गोळ्या तिनं पूर्ण केल्या. बोटं वाकडी झाली नाहीत.

आता त्यानंतरच्या एका हिवाळ्याबद्दल. जानेवारीत एका दुपारी भाऊ कॅलेंडरची सहा पानं घेऊन माझ्याकडे आले. त्यांना जिल्ह्याला अर्ज करायचा होता. फिरतीवरच्या सगळ्या सेवकांना सरकारनं हातमोजे द्यावेत, आणि कोणते द्यावेत हे आपण पुराव्यानिशी सांगावं. पुरावा पानांवर होता, पण मोडीसारख्या अक्षरात. माझ्या याद्या नीट असतात, तेव्हा मी त्याचा तक्ता करून द्यावा.

मी दोन दुपारी खर्चून तक्ता केला. प्रत्येक मोज्यापुढे जिंकल्याच्या आणि हरल्याच्या खुणा. आधीच्या वर्षांचा निकाल साफ होता, वेल्डर पुढे, बायको दुसरी. या हिवाळ्याचा निकालच लागेना. वेल्डर आज जिंकायचा आणि उद्या हात बदलले की हरायचा. मंडईवाला, जो कधीच जिंकला नव्हता, तोही एक दिवसाआड जिंकत होता. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मी मोज्यांची नावं झाकली आणि फक्त हात बघितला. दोन दिवस सोडले तर पूर्ण हिवाळाभर डावा हात जिंकला होता.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता त्याच्यापुढे ठेवला आणि हे दाखवलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. वारा नहराच्या उजव्या बाजूनं येतो, त्यामुळे उजव्या हाताला जास्त थंडी.

मी विचारलं, परत येताना?

"येतानाबी डावाच गरम."

"येताना त वारा डाव्या बाजूनं असन न, भाऊ."

त्यानं तक्ता स्वतःकडे ओढला. "असते," तो म्हणाला.

टेबलावर ठेवलेल्या त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीच्या कडेला फोड होता. कशाचा म्हणून विचारलं तर शेकोटीचा असेल म्हणाला. कधी भाजलं, ते आठवत नव्हतं. मी उठून प्रयोगशाळेचं दार लोटलं, खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि बोलपेन हातात घेतलं.

"डोळे मिटा, भाऊ."

"काऊन?"

"तुम्ही लोकायले जे करता तेच. जिथी लागन तिथी बोट ठेवा."

तो हसला, पण डोळे मिटले. मी पेनाचं टोक अंगठ्याच्या बुडाशी टेकवलं. त्यानं लगेच बोट ठेवलं आणि म्हणाला, इथी. तर्जनी, इथी. मधलं बोट, इथी. अनामिकेच्या बाहेरच्या कडेला लावलं. तो वाट बघत राहिला. करंगळीला तीन ठिकाणी लावलं. तळहाताच्या कडेला लावलं. तो डोळे मिटून, उजवं बोट वर धरून तसाच बसला होता. मग म्हणाला, "लावा न, बाई. थांबल्या काऊन?"

मी पेन न उचलता सांगितलं, डोळे उघडा.

त्यानं डोळे उघडले. पेन करंगळीवर टेकलेलं होतं. वीस वर्षं त्यानं ही तपासणी केली होती, त्यामुळे मला काही सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "म्हंजे मोजा चांगला नव्हता."

डॉक्टरांनी कोपराजवळची नस चाचपली. जाड झाली होती. चट्टा पाठीवर होता, जिथे माणसाला स्वतःला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, बधिरपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर गोळ्यांनी संवेदना बरीचशी परत येते. त्यानंतर सांगता येत नाही, आणि रोज एकेक दिवस जातोय. मी वही उघडली. भाऊंनी माझ्या हाताखालून ती ओढून बंद केली.

"नाव नका लिवू."

मी म्हटलं, नावाशिवाय गोळ्यांचं पाकीट मिळत नाही, हे तुम्हीच लोकांना सांगता.

"मी लोकायले का सांगतो ते मले ठाऊक हाय. मले घरोघरी पोरायचा हात धराचा असते, बाई. कोन धरू देईन?"

आणि तो निघून गेला. मी कोणाला काही बोलले नाही. माझ्या डायरीत मात्र तारखेखाली एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी दुसरी. काचा येत होत्या, पण केंद्राचा शिपाई आणून देत होता, भाऊ स्वतः येत नव्हते. चौथ्या दिवशी आलेल्या काचांपैकी सात वाया गेल्या. थेंब फिसकटलेला. बोट धरणाऱ्या डाव्या हातात मोजा असेल तर थेंब असाच फिसकटतो. मी सातही काचांवर लाल फुली मारली. मला ते आवडलं नाही, पण काच वाईट असेल तर ती वाईटच लिहावी लागते.

पाचव्या दिवशी सकाळी तो आला. दोन्ही हात उघडे होते. खुर्चीवर न बसता त्यानं काय झालं ते सांगितलं. कालच्या फेरीत ती विधवा बाई लागली. तिच्या नातीला ताप होता. यानं उजवा मोजा काढला, डावा ठेवला आणि पोरीचं बोट धरलं. त्या बाईनं नात मागे ओढली आणि विचारलं, भाऊ, डावा हात काऊन लपवून राह्यले? थंडी आहे म्हणाला. ती म्हणाली, थंडी दोन्ही हातायले वाजते. मग उंबऱ्यावर बसून तिनं त्याला बरंच ऐकवलं. ते सगळं त्यानं मला सांगितलं नाही, एकच वाक्य सांगितलं.

"मले वहीत लिवलं तवा तुमाले लाज नाई वाटली, म्हने."

वही त्यानं स्वतःच पुढे ओढली आणि नाव, वय, गाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात आरोग्यसेवक लिहिलं आणि खाली रेघ मारली. पहिली गोळी तिथेच, माझ्या माठातल्या पाण्याबरोबर घेतली.

गावांत सांगायचं की नाही हे मी त्याच्यावर सोडलं होतं. त्यानं सांगितलं, भाषण वगैरे न करता. दारात मोजा काढायचा, डावा हात दाखवायचा आणि म्हणायचा, हे असं असते, गोळ्या चालू हाय, याच्यानं तुमाले काही होत नाई, आता पोराचं बोट द्या. तीन घरांनी पोर दिलं नाही. ती तीन घरं त्यानं मला नावानिशी सांगितली आणि मी लिहून ठेवली. पावसाळ्यापर्यंत त्यातल्या दोन घरांनी दिलं.

दर गुरुवारी मी त्याची तपासणी करायची. हाताची आकृती काढून त्यावर बारा जागा ठरवल्या होत्या. कळलं तर टिंब, नाही कळलं तर फुली. पहिले दोन महिने फुल्या हलल्या नाहीत. मग एका गुरुवारी अनामिकेच्या कडेला त्यानं बरोबर बोट ठेवलं. पुढच्या गुरुवारी तळहाताच्या कडेला दोन जागी. त्यानंतर करंगळीवरही तो इथी, इथी म्हणू लागला, आणि माझ्या कागदावर टिंबं भराभर वाढली. मला शंका आली. मी पेन हवेत धरून बसले.

"इथी," तो म्हणाला आणि करंगळीवर बोट ठेवलं.

मी सांगितलं, मी लावलंच नव्हतं. तो रागावला. म्हणाला, मले लागल्यासारखं झालं, तुमाले काय समजते, हात माझा हाय की तुमचा? मी करंगळीची सगळी टिंबं खोडून फुल्या केल्या. तो कागद बघून निघून गेला आणि पुढचा गुरुवार चुकवला.

वर्ष संपत आलं, पाकिटं पूर्ण झाली. माझी चंद्रपूरला बदली होणार होती, आणि जाण्याआधी शेवटची नोंद करायची होती. तो आला, बसला, न सांगता डोळे मिटले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, तळहाताची कड. सगळीकडे त्यानं लगेच बोट ठेवलं. नऊ टिंबं झाली. करंगळीच्या तीन जागा राहिल्या होत्या. मी पहिल्या जागी पेन टेकवलं. बोट आलं नाही. दुसऱ्या जागी. बाहेर लसीकरणाला आलेल्या बायकांचा गलका चालला होता. तिसऱ्या जागी टेकवलं आणि जरा जास्त वेळ ठेवलं.

त्याचं उजवं बोट हवेत होतं. ते थोडं पुढे आलं, थांबलं आणि परत मांडीवर गेलं.

"तुम्ही लावून राह्यल्या असान, बाई," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मले नाई समजून राह्यलं. तसंच लिवा."

मी तीन फुल्या केल्या आणि खाली तारीख घातली.